जर्मन विशेषणांच्या शेपट्या: 'ए', 'एर' की 'एन'?

माटुंगा_लोकल: जर्मनच्या ए२ पातळीची परीक्षा तोंडावर आलीय. 'डेर गूटे मान' (तो चांगला माणूस), पण 'आइन गूटेर मान' (एक चांगला माणूस). हा 'एर' कुठून चिकटला? चर्चगेटपर्यंत तक्ते घोकून डोकं फिरलंय.

शब्दपंगत: लिंग-विभक्ती कोणीतरी एकाने दाखवायची, एवढंच. 'डेर' या आर्टिकलने (इंग्रजी 'the', 'a'सारखा नामाआधीचा शब्द) दाखवली, विशेषण 'ए'वर सुटलं. 'आइन' तिथे मुकं, म्हणून 'एर' विशेषणावर. तसंच 'आइन क्लाइनेस हाउस' (एक छोटं घर). आर्टिकलच नसेल तर 'मिट काल्टेम वासेर' (थंड पाण्याने). आर्टिकल असतं तर 'डेम' असतं; त्याचा 'एम' पुढे सरकला.
मराठीचा फायदा घ्या की! चांगला मुलगा, पण चांगल्या मुलाला, चांगल्या मुलाचा. आपला 'ल्या' तसा त्यांचा 'एन': आर्टिकलनंतर डाटिव ('-ला'), गेनिटिव ('-चा') विभक्तींत बिनदिक्कत लावा.

उलटतपासणी: पुल्लिंगी कर्म राहिलं. 'इश झेहे डेन गूटेन मान' (मी त्या चांगल्या माणसाला पाहतो). गुण इथेच जातात. निश्चित ('डेर'सारख्या) आर्टिकलच्या १६ चौकटींत (४ विभक्ती, प्रत्येकीत ३ लिंगं नि अनेकवचन) 'ए' फक्त ५: कर्त्याच्या एकवचनी ३, कर्माच्या स्त्रीलिंगी-नपुंसकलिंगी २. उरलेल्या ११ 'एन'. तक्ता कसला घोकताय!

माटुंगा_लोकल: आणि 'माइन' (माझा)?

शब्दपंगत: एकवचनात 'आइन'सारखंच. अनेकवचनात 'माइने गूटेन फ्रॉइंडे' (माझे चांगले मित्र), 'गूटे' नाही.