हिमालय : हिम + आलय की हिमा + लय?

अनुस्वार :
‘हिमालय’चा विग्रह काही जण हिमा + लय असा करतात. तो चालतो का? जुन्या साहित्यात ‘हिमवान’ भेटतो, मग आधीचे नाव कोणते? आणि काराकोरम हिमालयातच धरायचा का?

धातुपाठ :
हिम + आलय हाच विग्रह. अ + आ = आ, सवर्णदीर्घ संधी; देव + आलय = देवालय, तसाच. समास षष्ठी तत्पुरुष. चूक होते ती उच्चारामुळे. ‘हिमा-लय’ असे तोडून म्हटले की ‘लय’ सुटा वाटतो आणि अर्थ थेट ‘बर्फाचा नाश’ होतो! ‘आलय’चा अर्थ ‘घर’ सांगून थांबू नये, असे मला वाटते. धातू ‘ली’, म्हणजे चिकटणे, टेकणे. हिम जिथे येऊन टेकते आणि राहते, ते हिमालय. (‘लय’ही याच ‘ली’चा, तिथे मात्र विरघळून जाण्याचा अर्थ पुढे आला.)

पदच्छेद :
‘हिमवत्’ जुना; ‘हिमवान’ हे त्याचेच प्रथमेचे एकवचन. ऋग्वेदात (१०.१२१.४) ‘हिमवन्तः’ असे अनेकवचन आहे, म्हणजे बर्फ असलेले डोंगर. पार्वतीचे ‘हैमवती’ हे नाव त्यावरूनच. गीतेत (१०.२५) ‘स्थावराणां हिमालयः’ असे एकवचन येते. मराठीतही हिमालय पुल्लिंगी एकवचनीच. इंग्रजीच्या नादाने ‘हिमालयाज’ लिहू नका. हिमाद्री आणि हिमाचल यांत ‘आलय’ नाही : हिम + अद्री, हिम + अचल.

समोच्चरेषा :
काराकोरम वेगळा. हिमालय साधारण नंगा पर्वत (८,१२६ मी.) ते नामचा बरवा (७,७८२ मी.), सुमारे २,४०० किमी. काराकोरम त्याच्या वायव्येला, सिंधूपलीकडे, के-टू (८,६११ मी.) तिथला, म्हणून त्याला ‘हिमालयातले शिखर’ म्हणणे चूक. नाव तुर्की वळणाचे : ‘कारा’ काळा, ‘कोरुम’ खडी, दगडगोटे. ते आधी खिंडीचे होते, मग सगळ्या रांगेला चिकटले. त्यामुळे अर्थावरून भूगोल ताडू नका. सियाचेन आणि बाल्टोरो या प्रचंड हिमनद्या ‘काळ्या खडी’च्या रांगेत आहेत, आणि हिमालयाच्याच दक्षिणेकडच्या शिवालिक टेकड्यांवर बारमाही बर्फ नाही.

अनुस्वार :
म्हणजे नाव शोभते ते मुख्यतः उत्तरेच्या उंच रांगेला?

समोच्चरेषा :
हो. भूगोलात तिलाच ‘हिमाद्री’ म्हणतात.