अनुभव धागा : मुतारीतले व्हिडिओ गेम

मुतारीसमोर डोळ्यांच्या उंचीवर स्क्रीन आणि धारेने खेळायचा गेम. जानेवारी २०११ मध्ये सेगा कंपनीने टोकियोत ‘टॉयलेट्स’ नावाने हा प्रयोग सुरू केला. त्याच वर्षी लंडनच्या एका बारमध्ये ‘कॅप्टिव्ह मीडिया’ या ब्रिटिश कंपनीचं असंच यंत्र लागलं. कुणी हे गेम खेळलंय? कुणी असं काही बनवलंय? आणि मला सर्वांत जास्त ज्यांचं ऐकायचंय ते म्हणजे सफाईचं काम पाहणारे: फरशी खरंच कोरडी राहते का? विषय लघवीचा आहे म्हणून संकोच नको. सार्वजनिक स्वच्छतेबद्दल मोकळेपणाने बोललंच पाहिजे.

*

टोकियोत खेळलोय. मुतारीत धारेचा दाब ओळखणारा सेन्सर होता आणि समोर छोटा स्क्रीन. मला आवडला तो भिंतीवरचा रंग पुसायचा गेम. धार हलवाल तसतशी भिंत साफ होत जाते. दुसऱ्या एका गेममध्ये किती लघवी झाली ते मोजतात. आणखी एकात तुमच्या आधी येऊन गेलेल्या माणसाशी सामना: नाकातून दुधाची धार सोडायची, ज्याचा जोर जास्त तो जिंकला! बरोबरचे मित्र मुद्दाम पाणी पिऊन, लघवी रोखून धरून जायचे. वाऱ्याने मुलीचा स्कर्ट उडवायचाही एक गेम होता. तो मला तेव्हाही खटकला आणि आजही खटकतो. सार्वजनिक जागी असलं काही ठेवूच नये.

*

मी लंडनमध्ये स्कीइंगचा खेळलो. धार डावीकडे नेली की खेळाडू डावीकडे, उजवीकडे नेली की उजवीकडे. सेन्सर इन्फ्रारेड, त्यामुळे कशालाच हात लावायचा नसतो, हे फार चांगलं. कुणी समोर नसेल तेव्हा जाहिराती चालू. बारमालकाला खरा रस त्यातच असणार.

*

या सगळ्याच्या आधीचं सांगते. मी माणूस-यंत्र संवाद हा विषय शिकले. २००३ साली एमआयटी मीडिया लॅबमधल्या दोघांनी ‘यू आर इन कंट्रोल’ नावाचा प्रयोग मांडला होता. मुतारीच्या मागच्या बाजूला पिझो सेन्सर (आपटण्याचा जोर विजेच्या संकेतात बदलणारे), आणि स्क्रीनवर उड्या मारणारे हॅम्स्टर धारेने टिपायचे. मला त्यातला एक भाग फार मोलाचा वाटतो: बायकांनाही खेळता यावं म्हणून त्यांनी कमरेला बांधायची पाण्याची बाटली केली होती. पुढे बाजारात आलेल्या यंत्रांनी हा विचार सोडून दिला. आम्ही आपल्या रांगेतच.

*

सफाईवाल्यांचं विचारलंत म्हणून लिहितो. स्वच्छतागृहांच्या देखभालीवर देखरेख करणं हेच माझं काम.

गेम असला की फरशी कोरडी राहते, असं सरसकट म्हणता येत नाही. गेम कुठला, यावर सगळं आहे. अ‍ॅमस्टरडॅमच्या स्किफोल विमानतळावर १९९० च्या दशकात मुतारीत माशीचं चित्र कोरलं. ते का चालतं? माशी एका जागी असते. माणूस तिच्यावर नेम धरतो आणि धार तिथेच राहते. स्कीइंगसारख्या गेममध्ये धार दोन्ही कडांकडे न्यावी लागते, आणि कडेवर पडलेली धार बाहेर उडते. शिवाय नजर वर स्क्रीनवर, खाली कुणाचंच लक्ष नाही. पोछा मारणाऱ्याच्या दृष्टीने माशी कितीतरी बरी.

दुसरी गोष्ट अंतराची. ब्रिगहॅम यंग विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१३ मध्ये दाखवलं की धार शरीरापासून ६-७ इंचांवर फुटून तिचे थेंब होतात, आणि सुटे थेंब आपटले की शिंतोडे जास्त उडतात. म्हणजे जवळ उभं राहायचं आणि धार समोरून न मारता तिरकी लावायची. गेम बनवणाऱ्यांनी नेमकं हेच शिकवावं. जवळ उभा राहील त्याला गुण द्या, कडेला गेला की कापा. शिंतोडे पायांवर, बुटांवर, शेजारच्याच्या बॅगवर जातात आणि दिवसभर ते पुसणारं माणूस कुणाला दिसतही नाही. त्याच्यासाठी एवढं करायला काय हरकत आहे?

*

मला शेजारी कुणी असलं की लघवी होतच नाही. याला पॅरुरेसिस म्हणतात, आणि हा त्रास बऱ्याच जणांना असतो. स्क्रीनमुळे मन दुसरीकडे जाईल असं वाटलं होतं. नुसती चित्रं चालू होती तोवर बरं वाटलंही. पण गेम सुरू झाला की स्क्रीन वाट बघत बसतो, मागे माणसं उभी, आणि आपला आकडा शून्यावर. तेव्हा पार आखडायला होतं. एकच विनंती आहे: रांगेतल्या एक-दोन मुताऱ्या तरी बिनस्क्रीनच्या ठेवा.

*

मी युरोलॉजिस्ट आहे. वर गुणांसाठी लघवी रोखून धरल्याचं वाचलं. कृपा करून तसं करू नका. प्रोस्टेट वाढलेल्या माणसाची लघवी अशाने पूर्ण अडू शकते.

आमच्याकडे युरोफ्लोमेट्री नावाची तपासणी असते. नरसाळ्यात लघवी करायची आणि सेकंदाला किती मिलिलिटर आली याचा आलेख निघतो. कमाल वेग साधारण १५ च्या वर असला तर ठीक, १० च्या खाली गेला तर अडथळ्याची शंका येते. २०१३ मध्ये अमेरिकेत अ‍ॅलनटाउनच्या बेसबॉल मैदानावर असे गेम बसवले, तेव्हा एका रुग्णालय समूहाने ते प्रोस्टेटविषयी जागृतीसाठी पुरस्कृत केले होते. मला ती कल्पना मनापासून पटली, कारण पुरुष या तक्रारी वर्षानुवर्षं अंगावर काढतात. धार सुरू व्हायला वेळ लागतो, रात्री सारखं उठावं लागतं, असं असेल तर दाखवून घ्या. रक्त दिसलं तर लगेच.

हॅम्स्टरवाल्या ताईंना विचारतो: या सेन्सरवरून आम्हाला उपयोगी पडेल असा आलेख निघेल का?

*

नाही डॉक्टर. तुमच्या यंत्रात लघवी गोळा होते आणि बहुधा तिचं वजन क्षणाक्षणाला मोजतात. इथे सेन्सरला कळतो तो फक्त आपटण्याचा जोर, आणि तो उंची, अंतर, कोन यांवर बदलतो. धार जरा बाजूला पडली की आकडा कोसळणार, प्रोस्टेट ठणठणीत असलं तरी. मोजायचंच असेल तर मुतारीच्या खाली, पाणी वाहून जातं तिथे मोजावं लागेल, आणि फ्लशचं पाणी वेगळं ठेवावं लागेल.