रोजगार हमी योजना (रोहयो): 'शेल्फवर काम नाही' म्हणून मजुरांना परत पाठवतात, बेकारी भत्ता मिळेल का?

शिवारफेरी · 6 मे 2025
रब्बी उरकली, पेरण्यांपर्यंत हाताला काम नाही. गावातल्या वीस-बावीस जॉबकार्डधारकांनी ग्रामरोजगार सेवकाकडे काम मागितलं. उत्तर एकच, 'सध्या शेल्फवर (म्हणजे मंजूर कामांच्या यादीत) काम नाही, आलं की कळवतो'. मागितल्यापासून 15 दिवसांत काम द्यायचा नियम, ते 15 दिवस कधीच उलटून गेलेत. कायद्यात बेकारी भत्ता आहे असं ऐकतो, पण तालुक्यात तो मिळालेला माणूस दिसत नाही. तो मागायचा कसा?

हजेरीपट
मागणी तोंडी केली की लेखी? तोंडी असेल तर कागदोपत्री ती झालेलीच नाही.

नमुना 4, म्हणजे काम मागणीचा अर्ज, भरा. जॉबकार्ड क्रमांक, काम कोणत्या तारखेपासून हवं आणि किती दिवस हवं, हे त्यात लिहा. सलग किमान 14 दिवसांची मागणी असू द्या. ग्रामपंचायतीत देऊन तारखेची पोच घ्या. 15 दिवस मोजायचे ते याच तारखेपासून (काम पुढच्या तारखेपासून मागितलं असेल तर त्या तारखेपासून). ग्रामपंचायत पोच देत नसेल तर अर्ज तहसीलच्या आवक शाखेत द्या. आपल्याकडे महाराष्ट्रात तहसीलदारच या योजनेचे कार्यक्रम अधिकारी असतात, ते नाही म्हणू शकत नाहीत.

भत्त्याचा हिशेब असा: पहिले 30 दिवस मजुरीच्या किमान एक चतुर्थांश, त्यापुढे किमान निम्मा. 2025-26 चा दर 312 रुपये, म्हणजे 78 आणि नंतर 156.

काळी_माती
वरचं बरोबर आहे, पण खरी मेख वेगळीच आहे. केंद्राच्या 2005 च्या कायद्यात (नरेगा) मजुरीचा पैसा केंद्राचा, बेकारी भत्ता मात्र राज्याच्या तिजोरीतून. त्यामुळे उशीर नोंदला जाऊ नये, यातच सगळ्यांचं हित असतं. अर्ज आज घेतात, पण संगणकावर मागणी चढते ती काम मंजूर होऊन ई-मस्टर (ऑनलाइन हजेरीपत्रक) निघायच्या बेताला. मग ऑनलाइन अहवालात मागणी आणि काम हातात हात घालून दिसतात, भत्ता शून्य. म्हणून पोच मिळाल्यावर आठवड्याभरात नरेगाच्या संकेतस्थळावर आपल्या जॉबकार्डाचं पान उघडून मागणीची तारीख पाहा. पोचेवर 20 एप्रिल आणि तिथे 12 मे असेल, तर तोच पुरावा. दोन्हींची प्रत जोडून तहसीलदारांकडे भत्त्याचा अर्ज करा, तिथे हललं नाही तर जिल्ह्याच्या तक्रार निवारण प्राधिकाऱ्याकडे जा.

एक सांभाळा. काम दिल्याचं कळवल्यावर 15 दिवसांत हजर झालं नाही, तर तीन महिने भत्त्याचा हक्क जातो. काम 5 किलोमीटरच्या पलीकडे दिलं तर मजुरी 10 टक्के जादा, ते कारण सांगून नाकारू नका.

शिवारफेरी
पोच घेतो. पण शेजारच्या गावात काम निघालं तिथे 312 कुणालाच पडले नाहीत. दोनशेच्या आसपास आले.

हजेरीपट
312 रोजाने मिळत नाहीत, मोजमापाने मिळतात. आठवड्याचं मस्टर संपलं की तांत्रिक सहाय्यक खड्ड्याची लांबी, रुंदी, खोली घेतो आणि घनमीटरला दर लावतो. घोळ इथेच होतो: कठीण मुरूम खोदलेला असतो आणि मोजमाप पुस्तिकेत मऊ माती लिहिलेली असते. मोजणीच्या वेळी टोळीतले दोघे तरी तिथे उभे राहा, थर कोणता ते तिथल्या तिथे लिहून घ्या. पाणी भरल्यावर किंवा चर बुजल्यावर भांडून काही होत नाही. हजेरीचे फोटोही दिवसातून दोनदा अ‍ॅपवर चढतात; दुपारचा फोटो हुकला तर दिवस हातचा जातो.

काळी_माती
आणि मजुरी उशिरा आली तर भरपाई आहे, मस्टर बंद झाल्याच्या 16व्या दिवसापासून रोज 0.05 टक्के. सहा दिवसांच्या 1,872 रुपयांवर दिवसाला 94 पैसे. मागायची तर मागा.

पगारपत्रक
अवांतर: शहरातल्या पगारातून महिन्याला 200 आणि फेब्रुवारीत 300 रुपये व्यवसाय कर कापतात ना, तो 1975 मध्ये याच रोहयोसाठी सुरू झाला. केंद्राचा कायदा 2005 चा, आपला 1977 चा.

हजेरीपट
@शिवारफेरी, अर्ज देण्याआधी प्रत्येकाचं आधार कोणत्या खात्याला जोडलंय ते बँकेत विचारा. 2024 पासून मजुरी आधारवरच जमा होते आणि पैसे शेवटच्या जोडलेल्या खात्यात पडतात, मग ते वर्षानुवर्षं न वापरलेलं का असेना.