मदत हवी: पंप १४ किलोमीटरवर, मग टायर थंड असताना हवा मोजायची कशी?

राम राम मंडळी. घर पावसजवळच्या वाडीत. गाडी सात वर्षांची पेट्रोल हॅचबॅक. दाराच्या खांबावरच्या स्टिकरवर चारही टायरला ३३ पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) लिहिलंय, फुल लोडला मागे ३६.

आंब्याच्या हंगामात पेट्या भरून आठवड्याला दोन खेपा कोल्हापूर, आंबा घाटातून. टायरवाला म्हणाला, "४० मारा, गाडी पळते बघा." पळाली खरी. टाकी फुल करून हिशेब लिहिला, मायलेज लिटरला १६.८ किलोमीटरचं १७.४ झालं. पण पाऊस लागला नि मजा गेली. वाडीतला चढ जांभ्याचा, वर शेवाळ. परवा पुढची चाकं जागच्या जागी गरगरली आणि गाडी मागे घसरत गडग्याला टेकली. मागचा दिवा गेला. टायर बघतो तर मधली पट्टी झिजलेली, कडेची नक्षी खोल.

आता ३३ वर यायचंय. पण सगळे सांगतात थंड टायरला मोजा, आणि पंपावर पोचेपर्यंत टायर तापलेले. शिवाय पावसात, घाटात वेगळी हवा ठेवायची का?

प्रतिसाद १:
दादा, हवा मोजायचा शंभर-दोनशे रुपयांचा गेज घ्या, सकाळी गाडी हलवायच्या आधी घरीच मोजा. समजा २९ आली, म्हणजे ४ कमी. पंपावर तोच टायर ३२ दाखवेल, तिथे ३६ करून घ्या. ३३ वर थांबलात तर घरी गार झाल्यावर परत कमीच. घाट उतरून साखरप्याला हवा वाढलेली दिसली तर सोडू नका, ती उष्णतेची आहे.
मायलेजचं म्हणाल तर हवा १ पीएसआय कमी असली की साधारण ०.२ टक्के फटका. ४० मारून तुम्हाला मिळाले ते थोडे पैसे, आणि ते झिजलेल्या टायरात गेले. पावसासाठी वेगळा आकडा नको, स्टिकरचाच ठेवा. पेट्या असतील तेव्हा मागे ३६. नक्षी झिजून खाचेतल्या १.६ मिलिमीटरच्या खुणेला आली असेल तर मात्र हवेचा खेळ सोडा, टायर बदला.

प्रतिसाद २:
टायरात हवेऐवजी नायट्रोजन भरायच्या नादाला लागू नका. साध्या हवेत तो ७८ टक्के असतोच.

धागाकर्ता:
आभारी आहे. गेज आणला. आज सकाळी तीन टायर ३९, मागचा डावा ३१! मी पंपावर चारही एकदम भरून घेत होतो, त्यामुळे कळलंच नव्हतं. पंक्चरवाल्याने पाण्यात धरला नि बुडबुडा दाखवला. खिळा निघाला, आंब्याच्या खोक्याचा.