अनुभव धागा: घरच्या आजारपणासाठी रजा काय कारण सांगून घेतलीत?

बाबांना मार्चमध्ये पॅरालिसिसचा अटॅक आला, डावी बाजू गेली. मी पुण्यात खासगी कंपनीत आहे. आपल्याकडे २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात वर्षाला ८ सीएल (कॅज्युअल लीव्ह), शिवाय २० दिवस कामामागे १ भरपगारी रजा, पण आईवडिलांच्या सेवेसाठी म्हणून वेगळं काही नाही. ८ सीएल एप्रिलमध्येच संपल्या. मग मी पोट बिघडलं, ताप आला असं कळवत गेले, आणि आता खरंच ताप आला तर काय सांगू हा प्रश्न आहे. तुम्ही कसं निभावलंत ते मोकळेपणाने लिहा, नावगाव नको.
– तिठ्यावरची

जिप शाळेत शिक्षिका. आम्हा बायकांना बालसंगोपन रजा आहे, २०१८ पासून, अख्ख्या नोकरीत १८० दिवस, मूल १८ वर्षांचं होईपर्यंत. लेकाच्या दहावीला त्यातली घेतली, पटकन मंजूर. पण सासूबाईंचं खुब्याचं हाड मोडलं तेव्हा त्यांच्या नावाने मागायची सोयच नाही, शेवटी माझ्याच कंबरदुखीची मेडिकल टाकली. डॉक्टर हसले आणि सही केली. खोटं बोलले याचं वाईट नाही वाटलं, पण परत गेल्यावर सगळा स्टाफ आठवडाभर कंबर कशी आहे विचारत होता त्याचं वाटलं!
– खडूफळा

तिठ्यावरची, सेम पिंच. फक्त मी कपड्यांच्या दुकानात आहे, आम्ही ६च जण, तो कायदा आम्हाला लागूच नाही. आईचं डायलिसिस आठवड्यातून २ वेळा. शेठ चांगला आहे, जा म्हणतो, पण त्या दिवसाचा पगार कट. महिन्याचे ८ खाडे धरा. आता डायलिसिसची वेळ सकाळी ६ ची मागून घेतलीय, १२ ला दुकानात पोचतो, अर्धाच दिवस कापतात.
– गल्लीतला

अमेरिकेत, टेक्सास. इथे १९९३ चा कायदा आहे, एफएमएलए म्हणतात, वर्षाला १२ आठवडे बिनपगारी पण नोकरी शाबूत. कंपनीत ५० तरी माणसं हवीत आणि तुमचं १ वर्ष झालेलं हवं. माझे वडील सांगलीला, तिथल्या डॉक्टरांनी लिहून दिलेलं सर्टिफिकेट एचआरने मान्य केलं, मला वाटलं होतं नाकारतील. पण गंमत ऐका, यात सासूसासरे बसत नाहीत! सासऱ्यांच्या बायपासला बायकोला तिच्या ऑफिसात रजा मिळाली, मला माझी व्हेकेशन घालावी लागली. आपल्याकडच्या सासरवाडीला हे कोण समजावणार, तिकडे मामेसासरे अजून टोमणे मारतात.
– दोन_डॉलरचा_चहा

ब्रिटनमधून लिहितेय. मुलगा ऑटिस्टिक आहे. एप्रिल २०२४ पासून इथे केअरर्स लीव्ह, म्हणजे घरच्यांची काळजी घेण्यासाठीची रजा आलीय, वर्षाला १ आठवडा, पहिल्या दिवसापासून हक्क, अर्धा-अर्धा दिवस तोडूनही घेता येते आणि पुरावा मागायची मालकाला परवानगी नाही. पगार मात्र नाही. आणि किमान ३ दिवस आधी सांगायचं. आता मुलाला शाळेत त्रास होणार हे मला ३ दिवस आधी कसं कळणार? अचानकसाठी १९९६ च्या कायद्यातली वेगळी रजा आहे, तीही बहुतेक ठिकाणी बिनपगारीच. पण एक आहे, कारण खरं सांगता येतं. पहिल्यांदा ‘मुलासाठी’ असं लिहून मेल पाठवला तेव्हा हात थरथरत होते, मॅनेजरचं उत्तर एका ओळीत, ठीक आहे म्हणून.
– थंडीतली_भाजी

खडूफळा, कंबर 😂

सगळ्यांचं वाचलं. थंडीतली_भाजी, तुमचं वाचून सोमवारी मी खरं लिहायचं ठरवलं, तर आमच्या पोर्टलवर कारणाच्या यादीत सिक, कॅज्युअल, लग्न, मृत्यू एवढंच आहे. ‘अदर्स’ निवडून खाली ‘बाबांची फिजिओथेरपी’ टाकलं. अजून पेंडिंग दाखवतंय.
– तिठ्यावरची