लग्नघरात आयएनएफजे स्वभावाच्या बायकोला कसं सांभाळायचं?

प्रश्न: मे महिन्यात नागपूरला चुलतभावाचं लग्न आहे. बायकोचा एमबीटीआय या व्यक्तिमत्त्व चाचणीत आयएनएफजे (अंतर्मुख, अंतर्ज्ञानी, भावनाप्रधान, ठरवून चालणारा) प्रकार आला. पाहुण्यांत ती दोन-तीन तासांत गप्प होते, मोठ्यांना वाटतं रुसली. काय करावं जी?

उत्तर १: भाऊ, अक्षरांत फार अडकू नका. मानसशास्त्रज्ञ कार्ल युंगच्या 1921 च्या मांडणीवर ही चाचणी उभी राहिली, पण ती प्रत्येक गुणात मधोमध रेघ मारून माणसांचे दोन गट पाडते. रेघेजवळचा माणूस पुन्हा चाचणी दिली की दुसऱ्याच प्रकारात जातो. गर्दी-गोंगाटाने लवकर थकणं, म्हणजे अतिसंवेदनशीलता, ही या प्रकारापेक्षा वेगळी गोष्ट. मानसशास्त्रज्ञ इलेन ॲरन यांच्या मते ती 15 ते 20 टक्के लोकांत असते, त्यातले काही बहिर्मुखही असतात.

उत्तर २: थकल्यावर नाही, थकायच्या आधी उठवा. साधारण दीड तासाने 20 मिनिटं, कूलर आणि डीजेपासून लांबच्या खोलीत, फोन बाजूला ठेवून. चारचौघांत "काय झालं?" विचारलंत की ती आणखी मिटते. तिच्या सासूबाईंना आदल्या दिवशीच सांगून ठेवा, "ती मधेमधे पडून येईल." अहेराची नोंद तिच्याकडे द्या. हातात काम असलं की उगाच गप्पा माराव्या लागत नाहीत, आणि एकेकाशी बोलणं तिला जमतंच.

उत्तर ३: ताईंनी मनातलं साठवू नये, ही मला सर्वांत मोठी काळजी वाटते. असे काही लोक सोसत राहतात आणि एक दिवस नातंच तोडतात. काही खटकलं की दोन दिवसांत दोघं बोला: काय घडलं, काय वाटलं, पुढे काय हवं. अंबाझरी तलावाकडे सकाळी फिरताना हे सोपं जातं, समोरासमोर बसून नाही. उदासी दोन आठवडे टिकली तर मात्र टेलिमानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन, 14416.