उत्तर: केपमधला 'अइंकी' कंद

वर कुणीतरी विचारलंय, आफ्रिकेतले रानकंद कच्चे खातात का? दक्षिण आफ्रिकेच्या पश्चिम केप प्रांतातलं उदाहरण देतो: मोरिया फ्यूगॅक्स ही रानवनस्पती. तिथल्या आफ्रिकान्स भाषेत 'अइंकी', म्हणजे छोटा कांदा. कांदा म्हणायचा, पण कांद्यासारखे पापुद्रे नाहीत, आत भरीव गड्डा. तिथले मूळ रहिवासी खोइ आणि सान लोक टोकदार काठीने तो उकरत, वरची जाळीदार साल काढून राखेत भाजत, किंवा दुधात शिजवत. चव चेस्टनटसारखी सांगतात. तिथल्या गुहांच्या उत्खननात या सालींचे थर निघालेत, म्हणजे हे खाणं फार जुनं.

पण याच मोरियाच्या काही भाईबंदांनी गुरं दगावतात! नुसतं फूल पाहून कंद तोंडात टाकू नये.